चालवणारी भिंत

‘जर्नल ऑफ क्रोमॅटोग्राफी’च्या १९८१ सालच्या एका खंडात जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांचा एक लेख आहे. दोघंही तेव्हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला. त्याच वर्षी ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’त त्यांचा दुसरा एक लेख आला आणि तो इतका गाजला की केशनलिकेतल्या इलेक्ट्रोफोरेसिसची गोष्ट आजही तिथूनच सांगायला घेतात. मी म्हणतोय तो लेख या गाजावाजात मागे पडला. संदर्भयाद्यांत त्याचं नाव नेमाने येतं, पण उघडून सावकाश वाचणारे थोडे. रसिकाने आधी तोच उघडावा असं माझं मत आहे. त्यातल्या एका प्रयोगात पदार्थ वेगळे केलेत ते दोनच. पण पुढे ‘कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी’ किंवा नुसतं ‘सीईसी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तंत्राचं सगळं मोठेपण आणि सगळं दुखणं आलेखावरच्या त्या दोन शिखरांत आधीच दिसतं.

कविता वाचताना आपण विचारतो, कवीने हाच शब्द का घेतला? इथे विचारायचं, हेच पदार्थ का घेतले? एक आहे ९-मिथाइलअँथ्रासीन, दुसरं पेरिलीन. दोन्ही डांबराच्या गोतावळ्यातले, कार्बनच्या कड्या एकमेकींना चिकटून झालेले. पहिल्यात तीन कड्या आणि वर एक मिथाइल गट, दुसऱ्यात पाच कड्या. अतिनील प्रकाश पडला की दोन्ही चमकतात, ही त्यांची पहिली सोय. नळीच मुळी १७० मायक्रोमीटर व्यासाची, म्हणजे दोन केस शेजारी ठेवावेत एवढी. तिच्यातून जाणारा पदार्थ इतका थोडा की तो आपणहून चमकला नाही तर नजरेला पडायचाच नाही. पण खरी मेख दुसऱ्या गुणात आहे. या दोन्ही रेणूंवर विद्युतभार नाही. नळीच्या दोन टोकांना ३०,००० व्होल्ट लावले तरी त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. त्याच वर्षीच्या गाजलेल्या लेखात भार असलेली अमिनो आम्लं आणि पेप्टाइडं होती. वीज त्यांना थेट ओढू शकत होती. इथे मात्र विजेच्या शर्यतीत असे धावक उतरवलेत ज्यांना विजेची हाकच ऐकू येत नाही. आणि तरीही दोघं या टोकापासून त्या टोकाला पोचले, वाटेत एकमेकांपासून सुटे झाले, आणि कुठेही पंप नव्हता.

मग त्यांना नेलं कोणी? भिंतीने.

काचेच्या आणि सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात: सिलिकॉनला लागून ऑक्सिजन, त्याला लागून हायड्रोजन. भोवतालचा द्रव फार आम्लधर्मी नसेल तर यातले पुष्कळ हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघून जातात आणि भिंतीवर ऋणभार उरतो. तो द्रवातल्या धन आयनांना जवळ ओढतो. भिंतीलगत त्यांचा थर जमतो, अगदी पातळ. द्रवात क्षाराचं प्रमाण लिटरला एक मिलिमोल असेल तर हा थर साधारण १० नॅनोमीटरचा. शंभर मायक्रोमीटरच्या नळीच्या मानाने म्हणजे दहा हजारांत एक भाग. आता टोकांना वीज जोडली की या थरातले धन आयन ऋण टोकाकडे सरकू लागतात. आयन कोरडे चालत नाहीत, अंगाला चिकटलेलं पाणी घेऊन चालतात. ते पाणी शेजारच्या पाण्याला ओढतं, ते त्याच्या शेजारच्याला, आणि बघता बघता नळीतला सगळा द्रव चालू लागतो. चांगदेवाच्या भेटीला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथली भिंत जागची हलत नाही, पण पाण्याला चालायला लावते.

या चालण्याची ढब पाहण्यासारखी आहे. पंपाने द्रव ढकलला की मधला पुढे पळतो, काठचा रेंगाळतो, आणि भिंतीला टेकलेला तर थांबूनच असतो. गोल नळीत अगदी मधल्या धारेचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. त्यामुळे एकाच क्षणी निघालेले, एकाच जातीचे रेणू केवळ कोण मधून गेला आणि कोण काठाने यावरून मागेपुढे होतात. वेगळं करायचं होतं भिन्न जातींना, पांगले मात्र सजातीयच. क्रोमॅटोग्राफीचं जुनं दुःख ते हेच. विजेने चालणाऱ्या द्रवाला ओढणारी शक्ती काठाशी असते, त्या दहा नॅनोमीटरच्या थरात. तिथे वेग शून्यापासून चढतो आणि लगेच पुरा होतो. त्यापुढे नळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सगळा द्रव एकाच वेगाने, सपाट फळीसारखा सरकतो. म्हणजे ज्या भिंतीने पंपाच्या प्रवाहाला अडवून धरलं होतं, तीच इथे प्रवाहाची धनी झाली. आपले जुने काव्यशास्त्रकार याला विरोधाभास अलंकार म्हणाले असते: वरवर विसंगत, आत शिरलं की सुसंगत.

जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी नळी रिकामी ठेवली नव्हती. तिच्यात १० मायक्रोमीटरचे सिलिकाचे दाणे ठासून भरले होते आणि त्या दाण्यांवर अठरा कार्बनांच्या साखळ्यांची लव होती. औषध कंपनीतला कुठलाही केमिस्ट ज्याला ‘सी-एटीन’ किंवा ‘ओडीएस’ म्हणतो, तेच. त्यामुळे भिंत आता नळीची एकटीची राहिली नाही. प्रत्येक दाण्याचा पृष्ठभाग ही एक भिंत झाली आणि प्रत्येक दाणा आपल्यापुरता पाणी ओढू लागला. दाण्यांच्या मधल्या फटी सारख्या रुंदीच्या नसतात. पंपाचा द्रव रुंद फटीतून धो धो वाहतो आणि अरुंद फटीत कुंथतो. विजेने चालणाऱ्या द्रवाचा वेग मात्र फटीच्या रुंदीवर अवलंबून नसतो. द्रवाचा विद्युत गुणधर्म, त्याचा दाटपणा, पृष्ठभागावरचा भार आणि लावलेली वीज, एवढ्यांवर हिशोब संपतो. हेल्महोल्ट्झने १८७९ मध्ये आणि स्मोलुकोव्हस्कीने १९०३ मध्ये हे गणित मांडून ठेवलं होतं. त्या समीकरणात दाण्याचा व्यास येतच नाही. समीकरणात जे नसतं त्याकडे लक्ष देणं हीसुद्धा वाचनाची एक रीत आहे, आणि या समीकरणातली ही गैरहजेरी पुढच्या सगळ्या उत्साहाचं मूळ आहे.

आता वेगळं होणं. द्रव सगळ्यांना एकाच चालीने नेतो, मग पेरिलीन मागे का राहतं? आठवडी बाजारातून एकाच वेळी निघालेली दोन माणसं घ्या. चाल दोघांची सारखीच, पण एकाच्या ओळखी जास्त; तो दर दुकानाशी दोन शब्द बोलत जातो, म्हणून त्याला घरी पोचायला उशीर. पाच कड्यांच्या पेरिलीनचं अठरा कार्बनांच्या लवेशी जास्त जमतं. ते तिथे पुन्हा पुन्हा थांबतं. ९-मिथाइलअँथ्रासीनची ओळख कमी, ते आधी निसटतं. चालणं विजेकडून, थांबणं रसायनाकडून. दोन वेगळ्या परंपरा इथे एका नळीत आल्या: अर्ने टिसेलियसने नावारूपाला आणलेला इलेक्ट्रोफोरेसिस आणि मिखाईल त्स्वेतने विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सात हिरव्या पानांचे रंग खडूच्या स्तंभात उलगडून दाखवत सुरू केलेली क्रोमॅटोग्राफी.

या प्रयोगातले दोन आकडे मला शिखरांइतकेच बोलके वाटतात. पहिल्या पदार्थाला ३१,००० प्लेट, दुसऱ्याला २३,०००. प्लेट हे कॉलमच्या, म्हणजे अशा भरलेल्या नळीच्या, कसाचं माप; जितक्या जास्त, तितकं शिखर अणकुचीदार. इथे एका प्लेटला लागणारी लांबी दाण्याच्या व्यासाच्या जेमतेम दुप्पट-तिप्पट येते. दाण्यांनी भरलेल्या कॉलमला याहून फार चांगलं करणं अवघडच. पण दोन्ही आकडे सारखे का नाहीत? वाहून नेणारा प्रवाह तर दोघांना एकच होता. माझं वाचन असं: सपाट प्रवाहाने चालण्यातला दोष काढला, थांबण्यातला दोष काढला नाही. पेरिलीन लवेत जास्त वेळा शिरतं आणि जास्त वेळा बाहेर पडतं; त्या ये-जा करण्याला वेळ लागतो आणि तेवढी त्याची पट्टी फाकते. ३१ आणि २३ यांच्यामधल्या आठ हजारांत तंत्राची सीमा लिहिलेली आहे.

लेखाचा सूर संयत आहे, आणि तो मला त्याचा मोठा गुण वाटतो. शोध लागला म्हणून आरोळी नाही. फायदा आहे, पण अशी नळी भरणं आणि चालवणं किचकट आहे, हा भाव जाणवत राहतो. त्याआधी सात वर्षं, १९७४ मध्ये, प्रिटोरिया विद्यापीठातल्या प्रिटोरियस, हॉपकिन्स आणि शीके यांनी याच नियतकालिकात हीच कल्पना ‘नवी संकल्पना’ असं शीर्षकातच म्हणत मांडली होती. द्रव विजेने हलवा, दाबाची गरज नाही. त्यांचा आवेश समजण्यासारखा आहे. १९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी लीड्सला लोकरीतल्या अमिनो आम्लांवर काम करताना लिहून ठेवलं होतं की उत्तम कॉलम हवा तर दाणे अतिशय बारीक हवेत आणि दाब भरपूर हवा. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. पण त्या ‘दाब भरपूर’ने यंत्रं बनवणाऱ्यांच्या नाकी नऊ आणले. दाण्याचा व्यास निम्मा केला तर तोच वेग राखायला दाब चौपट लागतो. १९७४ चा लेख म्हणजे या जुन्या अटीवरचं उत्तर होतं: बारीक दाणे ठेवा, दाब सोडा. गंमत अशी की पन्नासच्या दशकात सिंज स्वतःही विजेने द्रव ढकलण्याच्या प्रयोगांकडे वळला होता, स्टार्चसारख्या बहुशर्करा पातळ पडद्यांतून वेगळ्या करण्यासाठी. आणि मुळात हा आविष्कार त्याहून कितीतरी जुना. मॉस्कोत फर्डिनंड रॉइसने ओल्या मातीतून वीज सोडली तेव्हा पाणी ऋण टोकाकडे गेलं, हे त्याने १८०९ मध्येच छापलं. म्हणजे भिंत दीडशेहून जास्त वर्षं पाणी चालवत होती, फक्त तिच्याकडून काम करून घेणारं फारसं कोणी नव्हतं.

आता ज्या सिलॅनॉलवर हा सगळा डोलारा उभा आहे त्याचं चरित्र जरा जवळून पाहायला हवं, कारण या कथेत खरं पात्र तेच आहे. तारापूरपासून वेर्ण्यापर्यंत औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या कुठल्याही क्यूसी लॅबमध्ये जा आणि सिलॅनॉलचं नाव काढा. तोंडं वाकडी होतील. एचपीएलसीच्या, म्हणजे पंपाच्या दाबाने चालणाऱ्या नेहमीच्या क्रोमॅटोग्राफीच्या, कॉलमवर आम्लारीधर्मी औषध सोडलं की उरलेसुरले सिलॅनॉल त्याला धरून ठेवतात, शिखराला लांब शेपूट येतं, आणि मग ‘टेलिंग फॅक्टर’ मर्यादेबाहेर गेला म्हणून पूर्ण रन पुन्हा करायची वेळ येते. कॉलम बनवणाऱ्यांनी कित्येक वर्षं घालवली ती सिलॅनॉल झाकण्यात. अधिक शुद्ध सिलिका घेतली, लवेच्या मधल्या मोकळ्या जागा छोट्या गटांनी बुजवल्या, जाहिरातींत ‘एंड-कॅप्ड’ म्हणून मिरवलं. कॉलम जितका चांगला, तितके सिलॅनॉल कमी. हाच उत्तम कॉलम सीईसीत आणला तर तो जवळजवळ निपचित पडतो. पाणी ओढायला भारच नाही!

म्हणजे एका घरचा भेदी दुसऱ्या घरचा कर्ता पुरुष. आणि कर्ता झाला म्हणून त्याची खोड जात नाही. आम्लारीधर्मी औषधाला तो सीईसीतही धरतोच. त्याला गप्प करायला द्रव आम्लधर्मी करावा, तर त्याचा भार जातो आणि प्रवाहही बसतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यातून वाट काढायला लोकांनी दाण्यांवर सल्फोनिक आम्लाचे गट बसवले, जे आम्लातही ऋणच राहतात, आणि त्यांच्या जोडीला अठरा कार्बनांची लवही ठेवली. चालवायला एक, थांबवायला दुसरा, अशी कामाची वाटणी. शहाणपणाची युक्ती होती, पण मूळ अडचण फिटली नाही. प्रवाहाचा वेग पृष्ठभागाच्या तब्येतीवर टांगलेला राहिला. पंपाला दाणे नवे की जुने याच्याशी कर्तव्य नसतं. ठरलेला प्रवाह तो देतोच. भिंत मात्र वापराने बदलते, नमुन्यातलं काहीबाही तिला चिकटतं, द्रवाचा पीएच थोडा हलला की तिचा भार हलतो. आज चार मिनिटांना येणारं शिखर उद्या साडेचारला आलं तर औषध नियंत्रक ऐकून घेत नाही. तंत्राची सुंदर बाजू आणि बेभरवशाची बाजू या दोन नाहीतच. भिंत चालवते म्हणून प्रवाह सपाट. भिंत चालवते म्हणूनच प्रवाह लहरी.

बुडबुड्याची गोष्ट याहून ढोबळ आहे, पण तिने जास्त माणसं पळवली. दाणे नळीत अडवून धरायला दोन्ही बाजूंना फ्रिट, म्हणजे सच्छिद्र बुचं, लागतात. ते बहुधा सिलिकाच तापवून, दाणे एकमेकांना जेमतेम चिकटतील इतपत भाजून करायचे. नळीवरचं तपकिरी पॉलिइमाइडचं आवरण तिथे जळून जातं आणि नळी ठिसूळ होते. फ्रिटच्या एका बाजूला दाणे भरलेले, दुसऱ्या बाजूला मोकळी नळी. दोन्हीकडे भिंतीची ओढ वेगळी, विजेचा जोरही वेगळा. त्या सांध्यावर बुडबुडा धरतो. बुडबुडा वीज वाहून नेत नाही. करंट कोसळला, प्रवाह थांबला, दाणे कोरडे पडले, कॉलम गेला. उपाय काय? दोन्ही टोकांच्या बाटल्यांवर नायट्रोजनचा सारखाच दाब द्यायचा, म्हणजे बुडबुडा फुगत नाही. दाबाला रजा देण्यासाठी जन्मलेल्या तंत्राला पहाऱ्यावर दाबच बसवावा लागला. दोन्हीकडे सारखा असल्याने तो ढकलत काही नाही, नुसता बसून राहतो.

एडिनबरोचे जॉन नॉक्स आणि त्यांचे सहकारी ग्रँट यांनी १९८७ मध्ये या कल्पनेला सैद्धांतिक पाया दिला. त्यांचा लेख वाचताना वेगळाच आनंद मिळतो, गणिताने कल्पनेचे हात-पाय मोजून पाहण्याचा. प्रश्न साधा होता: समीकरणात व्यास नाही म्हणून दाणे किती बारीक करता येतील? उत्तर आलं की आयनांच्या त्या पातळ थराच्या साधारण चाळीस पटींपर्यंत. त्याखाली गेलं तर फटींच्या समोरासमोरच्या भिंतींचे थर एकमेकांत मिसळतात आणि सपाटपणा मोडतो. थर दहा नॅनोमीटरचा धरला तर दाणा ०.४ मायक्रोमीटरपर्यंत चालेल. तेव्हाच्या एचपीएलसीत ३ ते ५ मायक्रोमीटरचे दाणे म्हणजे पराकाष्ठा होती. कागदावर तरी दार सताड उघडलं होतं. १९९१ मध्ये दोघांनी १.५ मायक्रोमीटरच्या दाण्यांपर्यंत प्रत्यक्ष जाऊन दाखवलं.

मग आला तो जोम. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या ग्लॅक्सोत नॉर्मन स्मिथ आणि इव्हान्स यांनी स्टेरॉइड औषधं आणि त्यांच्या अशुद्धी सीईसीने वेगळ्या केल्या, आणि औषध उद्योगाची नजर इकडे वळली. १९९५ मध्ये त्यांनी सल्फोनिक गट असलेल्या कॉलमवर नैराश्यावरची काही औषधं सोडली. जी शिखरं आली ती पाहून लोक चक्रावले. मीटरला ऐंशी लाख प्लेट! आतापर्यंत आपण हजारांत बोलत होतो. कॉलमच्या कुठल्याही सिद्धांतात हा आकडा बसत नाही. रेणू आपल्या आपण पसरतात तेवढ्या पसरण्यालाही इथे जागा उरत नाही. म्हणजे कॉलम पट्टी फाकू देत नव्हता एवढंच नाही, वाटेत कुठेतरी पट्टी आवळली जात होती. पुढे स्पष्टीकरणं निघाली ती अशाच, नमुना एका जागी गोळा होण्याच्या परिणामाभोवतीची. पण हा चमत्कार हुकमी करता येईना. कधी ती शिखरं येत, कधी साधी, कधी वेडीवाकडी. रसांच्या भाषेत सांगायचं तर हा अद्भुतरस, आणि विश्लेषणशास्त्रात त्याला किंमत कमी. ज्याची पुनरावृत्ती होत नाही ते शिखर कितीही देखणं असलं तरी रजिस्टरमध्ये चढत नाही. मला मात्र ते शिखर लबाड वाटत नाही. तंत्राला आपलंच पुरतं आकलन झालेलं नाही, हे त्याने दाखवून दिलं.

भार असलेल्या रेणूंकडे वळलं की वाचनात आणखी एक गुंता येतो. पेप्टाइड, प्रथिनं, बरीचशी औषधं भार बाळगून असतात. त्यांना प्रवाह नेतो, वीज स्वतंत्रपणे पुढे किंवा मागे ओढते, आणि लव थांबवते. शिखर अमुक वेळेला आलं याचे मग दोन अर्थ निघतात: रेणू लवेत जास्त थांबला, की वीज त्याला उलट ओढत होती? हा श्लेष आहे, आणि श्लेष कवितेत जितका खुलतो तितका प्रयोगशाळेत जाचतो. एचपीएलसीत वर्षानुवर्षं कमावलेले अंदाज इथे तसेच लागू होत नाहीत. पण याच श्लेषामुळे दोन पदार्थ एका मार्गाने सुटत नसतील तर दुसऱ्याने सुटण्याची शक्यता उरते, आणि जैविक मिश्रणांत ती मोलाची.

दाणे आणि फ्रिट या दोघांनाच रजा देणारे लोकही झाले. नळीतच एकवारिकांचं द्रव मिश्रण घालून त्याचं तिथेच बहुवारिक करायचं, म्हणजे आरपार छिद्रं असलेला एकसंध गाभा तयार होतो; त्याला मोनोलिथ म्हणतात. उपसालाचे येर्टेन, आणि अमेरिकेत फ्रान्तिशेक श्वेत व जाँ फ्रेशे हे या वाटेवरचे ठळक प्रवासी. गाभा बनवतानाच त्यात भार देणारे गट मिसळता येतात. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला अशाच गाभ्यात प्रोप्रॅनोलॉलच्या एका हाताच्या रेणूचा साचा उमटवला गेला, आणि रक्तदाबाच्या या औषधाची उजवी-डावी रूपं त्या साच्यावरून सीईसीने सुटी झाली. मला व्यक्तिशः मोनोलिथचं काम या शाखेतलं सर्वांत कल्पक वाटतं, कारण त्याने भिंत आयती घेतली नाही, हवी तशी घडवली.

तरीही डाव पंपाने जिंकला, आणि त्यात हात कोणाचा होता पाहा. १९९७ मध्ये चॅपेल हिलहूनच एक लेख आला: १.५ मायक्रोमीटरचे भरीव दाणे, बारीक केशनलिका, आणि ४,१०० बारपर्यंतचा दाब. लेखकांत जेम्स जॉर्गेन्सन! ज्याने १९८१ मध्ये दाब सोडून दाखवला, त्यानेच सोळा वर्षांनी मार्टिन-सिंजचं ‘दाब भरपूर’ शब्दशः खरं केलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या रिचर्ड झेअर यांच्या गटाने त्याच मापाचे, १.५ मायक्रोमीटरचे दाणे घेतले, पण विजेने चालवले, आणि पेरिलीनच्याच कुळातले पाच पदार्थ पाच सेकंदांच्या आत वेगळे केले. एकाच दाण्यावर दोन वाटा फुटल्या. वेगाच्या बाबतीत दुसरी देखणी. पण २००४ मध्ये १,००० बारच्या आसपास चालणारी यूपीएलसी यंत्रं बाजारात आली आणि कानामागून येऊन तिखट झाली. क्यूसीच्या माणसाला तिच्यात नवं काही शिकावं लागलं नाही. कॉलम ओळखीचे, पद्धती ओळखीच्या, फक्त सगळं लवकर. सीईसीचं नुकसान तिच्या दोषांनी केलं त्याहून जास्त प्रतिस्पर्ध्याच्या सवयीच्या सोयीने केलं, असं मी म्हणेन.

जिथे पंपाचीच पंचाईत, तिथे पारडं फिरतं. १९९४ मध्येच ओक रिजच्या प्रयोगशाळेत मायकेल रॅम्सी यांच्या गटाने काचेच्या चिपवर केसाहून बारीक खाच कोरली, तिच्या भिंतीवर अठरा कार्बनांची लव लावली आणि कुमारिनचे रंग वेगळे केले. दाणे नाहीत, म्हणून फ्रिट नाही. फ्रिट नाही, म्हणून त्याच्या सांध्यावर धरणारा बुडबुडाही नाही. एवढ्याशा खाचेला दाबाचा पंप जोडणं म्हणजे खटाटोप, पण चार टोकांशी चार वाट्या आणि त्यांत बुडवलेल्या तारा एवढं सहज जमतं. कुठल्या वाटीला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवलं की नमुना आत घेणं, वळवणं, पुढे नेणं सगळं होतं, एकही झडप न हलवता.